बटणावरचं पीठ

आमच्या घरात प्रत्येक वस्तूला नंबर होता. पाण्याच्या बादलीला होता, आईच्या शिवणयंत्राला होता, लोखंडी ट्रंकांना तर होताच, पण पाट्यालाही होता आणि वरवंट्याला वेगळा होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत स्टोअरचे हवालदार. उभी नोकरी सरकारी वस्तू मोजण्यात गेलेली. पेन्शनवर साताऱ्याला आले आणि पहिलं काम काय केलं, तर पांढऱ्या ऑइल पेंटची डबी आणि बारीक ब्रश आणला, आणि घराच्या भिंती तशाच ठेवून घरातल्या वस्तूंवर नंबर घातले. नंबर, खाली स्वतःचं नाव, त्याखाली हुद्दा. अक्षर असं की छापल्यासारखं. आई आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. ती पदराआड हसायची. म्हणायची, "आमीबी मेंढरास्नी खुणा करायचो, दुसऱ्याच्या कळपात जात्यात म्हून. पर ह्यो पाटा कुठं चराय जातुया?"

अशा घरात कॉम्प्युटर आला. नवा नव्हे. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसानं काढून टाकलेला, अण्णांच्या एका फौजी मित्रानं मिळवून दिलेला. अण्णा सकाळची पाळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर करायचे आणि घरी आल्यावर माजी सैनिकांचे, त्यांच्या मागं राहिलेल्या बायकांचे पेन्शनचे अर्ज लिहून द्यायचे. त्या अर्जांसाठी हे यंत्र. मी बारावी होऊन घरी बसलेली, त्यामुळं टाइप करायचं काम माझं. त्यात विंडोज होतं, मराठी अक्षरं उमटायची, प्रिंटर करकर करत कागद बाहेर ढकलायचा. बाहेरच्या खोलीत टेबलावर त्याची स्थापना झाली आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी पेंटची डबी काढली. मॉनिटरच्या पाठीला सगळीकडं हवेच्या फटी. सपाट जागा एकच, एक चंदेरी पट्टी चिकटवलेली, तिच्यावर बारीक इंग्रजीत काहीबाही छापलेलं. अण्णांनी ती पट्टी आधी पांढऱ्या रंगानं बुजवून घेतली आणि वाळल्यावर वर काळ्या रंगात नंबर घातला, चोवीस. डबी धरून शेजारी मीच उभी होते. आज हे लिहिताना हसू येतं, पण त्या पट्टीनं पुढं माझा जीव किती टांगणीला लावला ते आता सांगते.

टायपिंग चांगलं यायला लागलं म्हणून अण्णांनी मला राजवाड्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासला घातलं. तिथं काय शिकवायचे? हे दाबा, ते उघडेल. ते दाबा, हे बंद होईल. मी एकदा सरांना विचारलं, "सर, मी दाबल्यावर आत काय होतं? त्याला कसं कळतं?" सर चांगले होते बिचारे, पण म्हणाले, "ते परीक्षेला येत नाही." सगळ्या वर्गाबरोबर मीही हसले. घरी येताना मात्र ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. मला वाटायचं, आईला जात्याचा मधला खुंटा कुठं झिजतो ते माहीत आहे, अण्णांना रायफल डोळे झाकून उघडता येते, आणि मी रोज ज्याच्यापुढं बसते त्याच्या पोटात काय आहे ते मला कुणी सांगेना.

सांगलीला माझी आत्या. तिची मुलगी सुनीता तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात. सुट्टीत मी गेले होते. आत्याच्या घराच्या गल्लीत हळदीचा वास असायचा, धुतलेल्या कपड्यांनासुद्धा. आत्यानं पातेलंभर भडंग करून ठेवलेले, ते खात खात मी सुनीताला क्लासची ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "चल, तुला एक दाखवते." तिच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तिनं एक यंत्र सुरू केलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, ना चित्र ना काही. मग तिनं काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावर पानंच्या पानं सरकायला लागली. "हा त्याचा आतला मजकूर," ती म्हणाली. "ह्याला लिनक्स म्हणतात. हे कुणा एकाच्या मालकीचं नाही. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, ज्याला जमेल त्यानं दुरुस्त करावं." मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, खरं सांगते. पण मधेमधे कुणी कुणी टिपा लिहिल्या होत्या, इथं माझं चुकलं असेल, इथं जपून हात लावा, अशा. स्वयंपाकघरात एक बाई दुसरीला सांगते तशा. मी सुनीताला म्हणाले, "मला हे पाहिजे."

तिनं मला एका इंग्रजी मासिकाबरोबर फुकट आलेली सीडीची चकती दिली आणि चार पानं भरून पायऱ्या लिहून दिल्या. स्टँडवर एसटीत बसवताना पुन्हा खिडकीशी आली. म्हणाली, "शालन, बाकी काहीही चुकलं तरी पुन्हा करता येतं. एकच चुकवू नकोस. चित्राचा पडदा बसवताना ते तुला विचारेल, तुझा मॉनिटर सेकंदाला किती रेघा ओढू शकतो. तो आकडा मॉनिटरच्या मागच्या पट्टीवर छापलेला असतो. झेपतात त्यापेक्षा जास्त सांगितल्यास तर तो जळू शकतो." मी मान हलवली. गाडी कराड सोडून पुढं येईपर्यंत माझ्या डोक्यात नुसता आनंद होता. उंब्रजच्या आसपास मला ती पट्टी आठवली.

आजच्या मुलांना हे पटणार नाही. आताच्या पडद्याला झेपत नसलं की तो स्वतःच सांगतो, हे मला जमत नाही म्हणून, आणि गुमान बसतो. तेव्हाचे पडदे तसे नव्हते. सांगाल तेवढं ओढायला जायचे, बिचारे, जीव जाईस्तोवर.

घरी येऊन मी अण्णांना रीतसर विचारलं. ते जेवत होते. "चाललंय त्यात काय कमी हाय?" म्हणाले. मी म्हटलं, "कमी काही नाही अण्णा, पण मला ते आतून शिकायचंय." ते म्हणाले, "चालू मशीनला हात लावायचा नाय. सुभेदार माने रोज मागं लागल्यात, मशीन माजी सैनिक संघटनेच्या ऑफिसात द्या म्हून. तू शिकतीयास म्हून घरात ठेवलंय. ज्या दिवशी बिघडंल त्या दिवशी ते माने उचलून नेतील, आन तू शिवणाच्या क्लासला. समजलं?" समजलं होतं. अण्णा बोलले की ते बोलणं नंबर घातल्यासारखं असायचं, पुसायचं नाही.

आणि तरी मी केलं. अण्णांची पाळी सात ते तीन. मी आधी सगळे अर्ज फ्लॉपींवर उतरवून घेतले, मग सुनीताच्या पायऱ्यांनी यंत्रातली मोकळी जागा वेगळी काढली आणि तीन सकाळींत लिनक्स आत बसवलं. विंडोज ठेवणं भागच होतं, मराठी अक्षरं त्याच्यातच उमटायची. यंत्र सुरू होताना आता कुठलं हवं ते विचारायचं. अण्णा खुर्चीत बसायच्या आधी मी पुढं होऊन एक शब्द टाइप करायची आणि जुनं सुरू करून द्यायची. अण्णांना वाटायचं, पोरगी सेवाभावी झाली. काळ्या पडद्यावर मला हवं ते जमत होतं, फायली दिसत होत्या, आत काय चाललंय ते विचारता येत होतं. चित्राचा पडदा तेवढा राहिला होता. तो आल्याशिवाय अण्णांना काय दाखवणार, असं माझ्या मनानं घेतलं होतं. नुसता काळा पडदा बघून ते म्हणाले असते, बिघाडलंस.

तो दिवस गुरुवारचा होता, आई गुरुवारी उपास धरायची म्हणून आठवतंय. तरी अण्णांसाठी आणि माझ्यासाठी बाजरीच्या भाकरी आणि हुलग्याचं माडगं तिनं करायला घेतलं होतं. मी आधी मॉनिटर फिरवून ब्लेडनं पट्टीचा एक कोपरा खरवडून बघितला. रंग निघाला आणि रंगाबरोबर खालचं छापील अक्षरही निघालं. खाली नुसती चंदेरी चकाकी. आणखी खरवडलं तर अण्णांचा चोवीस नंबर जाणार आणि आकडा तर मिळणार नाहीच. मी मॉनिटर पुन्हा सरळ केला. पडद्यावर प्रश्न येऊन थांबला होता. खाली यादी, सगळ्यात वर सगळ्यात कमी रेघा, खाली खाली जास्त. वर इशारा, चुकीचा आकडा दिलात तर मॉनिटरला इजा होईल. शहाण्या माणसानं सगळ्यात वरचा निवडला असता. मी काय केलं, तर सुनीताच्या कागदावर एका कोपऱ्यात त्यांच्या लॅबच्या मॉनिटरचा आकडा होता, तो उतरवला. मला तिच्यासारखा मोठा, बारीक अक्षरांचा पडदा पाहिजे होता. हाव, दुसरं काय. त्यांचा मॉनिटर नवा आणि आमचा कुणीतरी टाकून दिलेला, हे त्या घटकेला माझ्या डोक्यात आलं नाही.

सुरू कर म्हणून मी शब्द टाइप केला. पडदा काळा झाला. मग एकदम सगळा पडदा तिरप्या रेघांनी भरला, पावसाळी वाऱ्यात ज्वारीचं पीक आडवं होतं ना, तशा, आणि त्या रेघा थरथरायला लागल्या. मी बघतच राहिले. मला वाटलं, आता सरळ होईल, आता होईल. कानावर काही आलं असेल तर मला ते समजलं नाही, सगळा जीव डोळ्यांत आला होता. आतून आई ओरडली, "शालन! त्ये काय वराडतंय?" आणि मला तेव्हा ऐकू आलं. बारीक, धारदार, दारात कुत्र्याचं पिलू चेंगरावं तसं. बंद करायच्या कळा सुनीतानं लिहून दिल्या होत्या, तीन बोटं एकदम दाबायची. माझी बोटं त्या तीन कळा शोधेनात. आई धावत आली, माझ्या डोक्यावरून हात घातला आणि मशीनचं भिंतीवरचं बटण फाडकन बंद केलं. सगळं एकदम गप्प. मॉनिटरच्या फटींतून गरम वास आला.

"मेलं का?" आईनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं आणि खाली बसले.

आई मॉनिटरला कान लावून उभी राहिली. गाभण मेंढीच्या पोटाला लावतात तसा. मग म्हणाली, "गरम हाय. थंड हू दे. तापलेल्या जनावराला उठवू नये." ती चुलीकडं गेली नाही. दारात बसून राहिली. मधेच म्हणाली, "तुज्या बाला म्हाईत न्हाई न्हवं?" मी मान हलवली. "मला वाटलंच," ती म्हणाली. "त्येनी खुर्चीत बसायच्या आत तू पळत जातीस, तवाच वाटलं." आई लिहा-वाचायला शिकली नव्हती, पण तिच्यापासून काही लपवायचं म्हणजे आपणच आपल्याला फसवायचं.

अर्धा तास गेला असेल. घड्याळात अडीच वाजून गेले होते. मी बटण सुरू केलं. मॉनिटर काळाच. हिरवा दिवा लागला, पण पडदा काळा. मी मोजायला लागले, एक, दोन, तीन. अकराला अक्षरं आली. आयुष्यात पहिल्यांदा मला अक्षरं बघून रडू आलं. यंत्र झटकन बंद केल्यामुळं ते स्वतःची तपासणी करायला लागलं, एकेक ओळ सरकत होती, प्रत्येक ओळीला मला वाटायचं, आता काहीतरी गेलेलं निघणार. निघालं नाही. शेवटी ते पहिल्यासारखं, नाव काय, विचारत थांबलं.

शहाणपण असतं तर मी तिथंच बंद केलं असतं. आईही म्हणाली, "झालं न्हवं, आता राहू दे." मी म्हटलं, "आई, आता थांबले तर पुन्हा कधी हात लावायची माझी छाती होणार नाही." तिनं माझ्याकडं बघितलं. मग पिठाचे हात तसेच घेऊन भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, एक बोट बटणावर ठेवलं आणि म्हणाली, "कर. म्या ऐकती."

या वेळी मी सगळ्यात वरचा, सगळ्यात कमी आकडा घेतला. शब्द टाइप केला. पडदा काळा झाला. मी पडद्याकडं बघितलंच नाही, आईच्या तोंडाकडं बघत राहिले. तिचे डोळे मिटलेले, मान जरा वाकडी. बाहेर एक रिक्षा गेली, तर तिनं कपाळाला आठी घातली, रिक्षाचा आवाज बाजूला सारल्यासारखी. मग म्हणाली, "गप हाय. नुसतं गुणगुणतंय." मी वळून बघितलं. राखाडी रंगाचं बारीक विणीचं कापड पसरावं तसा पडदा आणि मधोमध एक लहानशी फुली. मी माउस हलवला. फुली हलली.

आई पुढं येऊन वाकून बघत म्हणाली, "येवढ्यासाठी?"

तेवढ्यात तीनचा भोंगा झाला. अण्णांना सायकलवर यायला वीस मिनिटं लागायची. मी सगळं बंद करून जुनं विंडोज सुरू करून ठेवलं, मॉनिटरवर कापड घातलं, ब्लेड उचललं, सुनीताचे कागद ट्रंकेत ठेवले. आईनं भाकरी थापायला घेतल्या. अण्णा आले, सायकल लावली, पाय धुतले, आत आले आणि दारातच थांबले. त्यांची सवय होती, कुठल्याही खोलीत शिरताना एकदा डावीकडून उजवीकडं सगळं बघून घ्यायचं. नजर भिंतीवर थांबली.

"बटणावर पीठ कसं?"

चुलीवर भाकरी फुगली आणि आईनं ती उलटली नाही.

"आवं, म्याच दाबलं," आई आतून म्हणाली.

"तू? तू कवापासनं कॉम्प्युटर बंद करायला लागलीस?"

आईला खोटं बोलायला लावून मी गप्प बसणं मला जमेना. मी उभी राहून सगळं सांगितलं. चकती, तीन सकाळी, खोटा आकडा, ओरडणं, गरम वास, सगळं. पट्टीचंही सांगितलं, खरवडलेल्या कोपऱ्याचंही. अण्णांनी मॉनिटर फिरवून कोपरा बघितला. त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "वाढ."

ते जेवण मी विसरणार नाही. अण्णा माडगं भुरकत होते. मला समोर मशीन न्यायला आलेला मान्यांचा टेम्पो दिसत होता. हात धुऊन अण्णा म्हणाले, "आता माज्यासमोर कर." आई न सांगता उठली आणि बटणापाशी जाऊन उभी राहिली. मी केलं. राखाडी पडदा आला, फुली आली. अण्णा खुर्ची ओढून बसले.

"ह्यात काय हाय?"

"अजून काही नाही, अण्णा."

"मग करायचं काय ह्याचं?"

"मला अजून माहीत नाही. ते शिकायचंय."

मला वाटलं, संपलं. पण अण्णा मान डोलावत राहिले. नंतर पुष्कळ वर्षांनी त्यांनी मला सांगितलं, की स्टोअरला त्यांच्या हाताखाली आलेली पोरं सगळं ठीक आहे असंच सांगायची आणि त्याच पोरांच्या मोजणीत ब्लँकेटं कमी भरायची. माहीत नाही म्हणणारा त्यांना आवडायचा. त्या दिवशी मात्र त्यांनी कपाटातून जाड पुठ्ठ्याचं कोरं रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढं टाकलं. "लिव्ह. काय काय केलंस ते क्रमानं, मराठीत. उद्या तू नसलीस तर दुसऱ्या माणसाला वाचून जमलं पायजे."

मी लिहायला बसले. एक, दोन, तीन, असे मुद्दे घालून, तीन पानं. छान वळणदार लिहिलं. अण्णांनी चष्मा लावून सगळं वाचलं, पुन्हा पहिल्या पानावर आले.

"आन ते वरडलं ते कुठं हाय ह्यात?"

"ते... ते चुकलं होतं म्हणून नाही लिहिलं."

"जे चुकलं तेच लिहायचं असतंय, पोरी. बरोबर झालेलं कोण बी शोधून काढतंय. आन सगळ्यात आधी काय केलं पायजे हुतं, ते पयल्या नंबरला आलं पायजे."

मी ती पानं फाडायला लागले तर म्हणाले, "फाडायची न्हाईत. काट मारायची, आन खाली पुन्हा लिव्ह." मी पुन्हा लिहायला बसले. कडेला बसून आई लसूण सोलत होती. सगळ्यात आधी काय करायला हवं होतं, हा विचार मी करत राहिले. आकडा? चकती? परवानगी? मग मी नंबर एक घातला आणि लिहिलं: आईला हाक मारून बटणापाशी उभं करावं. ती थांब म्हणाली की थांबावं.

अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं. आई म्हणाली, "मला इचारलं का कुणी?" आणि लसणाची साल त्यांच्या अंगावर उडवली. अण्णांनी खिशातलं पेन काढलं, त्या ओळीत काही बदललं नाही, पानाच्या तळाशी सही केली, नावाखाली हुद्दा लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार माने दारात आले. अण्णा पाळीला निघाले होते, सायकलवर एक पाय टाकून तसेच थांबले. मी खिडकीशी होते. माने म्हणाले, "मग हवालदार, कधी न्यायचं मशीन?"

"मशीन मोकळं न्हाई साहेब," अण्णा म्हणाले. "त्याच्यावर माणूस कामाला हाय."